इमारतीचे सर्वांत धोक्याचे वय

माझ्याजवळ दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा एक फोटो आहे. शाळेच्या सहलीत काढलेला, २०१३ सालचा. आम्ही सहा मैत्रिणी ओळीने उभ्या आहोत, प्रत्येकीच्या हातात भाजलेले कणीस आहे आणि आमच्या मागे, फोटोच्या चौकटीत अर्धवट कापला गेलेला, राखाडी त्रिकोणांचा एक डोंगर दिसतो. त्याच सहलीत आम्ही लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहिला होता, वहीत सनावळ्या उतरवून घेतल्या होत्या. त्या राखाडी डोंगराविषयी मात्र बाईंनी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे चार वर्षांनी तो एका रात्रीत पाडण्यात आला. आज मी इतिहास विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, आणि एका महत्त्वाच्या वास्तूची प्रत्यक्षदर्शी होण्याची जी एकमेव संधी मला मिळाली, ती मी कणीस खाण्यात घालवली, हे मला कबूल करावे लागते.

आपल्या या धाग्यांमध्ये सहसा गडकिल्ले, ताम्रपट, नाणी, बखरी यांची चर्चा असते. आजचा विषय १९७२ साली उभी राहिलेली आणि २०१७ साली नष्ट झालेली इमारत हा आहे. उणेपुरे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य. हा इतिहासाचा विषय कसा, असे काहींच्या मनात येईल. नेमका तोच प्रश्न एका सरकारी समितीलाही पडला होता आणि त्याचे तिने दिलेले उत्तर इमारतीच्या जिवावर बेतले. म्हणून हा धागा थोडा लांब झाला आहे, सावकाश वाचावा.

नोव्हेंबर १९७२ मध्ये दिल्लीत ‘एशिया ७२’ हा तिसरा आशियाई आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती आणि बांगलादेशचे युद्ध संपून वर्षही झाले नव्हते. नव्या राष्ट्राने जगाला आपले औद्योगिक सामर्थ्य दाखवावे, यासाठी प्रगती मैदानावर प्रदर्शनाची दालने हवी होती. त्यांतील मुख्य दालन म्हणजे ‘हॉल ऑफ नेशन्स’. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज. टोक कापलेल्या पिरॅमिडसारखा आकार. आत एकही खांब नसलेली, सत्तर मीटरांहून अधिक रुंदीची मोकळी जागा. आणि शेजारी त्याच जातकुळीची, उतरत्या मार्गांनी एकमेकांना जोडलेली ‘हॉल ऑफ इंडस्ट्रीज’ची लहान दालने.

खांबांशिवाय एवढी जागा झाकायची तर अभियंते ‘स्पेस फ्रेम’ नावाची रचना वापरतात. अनेक आखूड दांडे त्रिकोणांत जोडत जायचे, त्रिकोणांतून त्रिमितीय जाळे विणायचे, म्हणजे भार एका दिशेने न जाता सगळीकडे वाटला जातो. जगात अशी जाळी पोलादाच्या नळ्यांची करण्याची पद्धत होती. नळ्या कारखान्यात कापायच्या, जागेवर आणून बोल्टांनी जोडायच्या, काही आठवड्यांत काम संपते. पण १९७० च्या भारतात तसले पोलाद दुर्मीळ आणि महाग होते. तेव्हा या दोघांनी जे ठरवले ते त्या काळी कोणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर केले नव्हते. तीच जाळी त्यांनी सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, जागेवरच ओतून उभी केली.

याचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी घराचे बांधकाम जवळून पाहिले आहे त्यांना लगेच कळेल. साधा स्लॅब टाकताना सेंट्रिंग सपाट असते, तरी सुताराचा जीव मेटाकुटीला येतो. इथे प्रत्येक दांडा तिरपा होता, अनेक दांडे एकेका सांध्यात येऊन मिळत होते, आणि त्या प्रत्येक सांध्यासाठी लाकडी साचा हाताने बांधायचा होता. संगणक आणि रोबोट यांच्या स्वप्नातून उतरल्यासारखी दिसणारी ही इमारत प्रत्यक्षात सुतार, लोहार आणि बिगारी यांच्या हातांनी घडलेली होती.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. एखाद्या ताम्रपटाच्या लिपीवरून आपण त्याचा काळ ओळखतो. तसेच या इमारतीच्या सांध्यांवरून १९७० च्या सुमाराची भारतीय अर्थव्यवस्था वाचता येते. पोलाद महाग आणि माणसाची मजुरी स्वस्त, हा तो जमाखर्च. दोन्ही किमती उलट असत्या तर हा आकार असाच राहिला असता, पण तो नळ्यांचा असता आणि जगातील शंभर प्रदर्शन-दालनांसारखा दिसला असता. या इमारतीचे कौतुक करताना हेही विसरू नये, की जी ‘कल्पकता’ म्हणून गौरवली गेली तिच्या मुळाशी स्वस्त मजुरी होती, आणि मजुरी स्वस्त असण्याचे कारण दारिद्र्य होते. सांधे ओतणाऱ्यांची नावे कुठल्या फलकावर असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. कुतुबमिनारावर निदान काही कारागिरांनी स्वतः नोंदी कोरून ठेवल्या आहेत.

हे दोघे कोण होते, हेही थोडक्यात सांगते. महेंद्र राज यांनी तरुणपणी चंडीगडला ल कॉर्बुझिए यांच्या इमारतींवर काम केले होते, नंतर न्यूयॉर्कमधील एका अभियांत्रिकी संस्थेचा अनुभव घेऊन ते परतले. रेवाल दिल्ली आणि लंडन येथे शिकले, पॅरिसमध्ये काही काळ त्यांनी काम केले. त्या पिढीची ही नेहमीची वाट होती. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर अच्युत कानविंदे यांचे घ्या. कोकणातल्या आचऱ्याचा हा माणूस मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली तयार झाला आणि परत येऊन त्याने आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. मालवणची सहल करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे, याची मला शंका आहे. मी स्वतः ते एम.ए.ला आल्यावर ऐकले.

आता २०१७ कडे येऊ. प्रगती मैदानाच्या जागी नवे अधिवेशन-संकुल बांधायचे ठरले. जुनी दालने पाडण्याचा प्रस्ताव येताच वास्तुरचनाकार, अभियंते, ‘इंटॅक’ ही वारसा जतन करणारी संस्था, इतकेच नव्हे तर परदेशांतील संग्रहालयांचे जाणकार यांनीही विरोध केला. इंटॅकने दिल्लीतील स्वातंत्र्योत्तर इमारतींची एक यादी आधीच सादर केली होती. परंतु दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने निकष पुढे ठेवला, की साठ वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींचाच वारसा म्हणून विचार होईल. उच्च न्यायालयातही याचिका टिकल्या नाहीत. २३ एप्रिलच्या रात्री यंत्रे आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल ऑफ नेशन्स नव्हता.

साठ वर्षांचा हा आकडा वरवर पाहता समंजस वाटतो. केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट आहेच. त्या मानाने साठ म्हणजे उदारच. पण इमारतींच्या आयुष्याकडे थोडे बारकाईने पाहिले, की हा निकष उलटा आहे हे ध्यानात येते. इमारत नवी असते तेव्हा तिला कोणी हात लावत नाही, कारण तिच्यावर नुकताच खर्च झालेला असतो. ती शंभर-दीडशे वर्षांची झाली की लोक हळवे होतात. अडचण मधल्या काळात आहे. तिसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत छत गळू लागते, वायरिंग जुने होते, बांधवून घेणारे निवृत्त झालेले असतात आणि नव्या पिढीला ती आपल्या वडिलांच्या पायजम्यासारखी वाटते, म्हणजे जुनी खरी, पण जपून ठेवावी इतकी जुनी नव्हे. इमारतीचे सर्वांत धोक्याचे वय हेच. आणि नेमक्या याच वयात कायदा तिला सांगतो, की अजून थोडी थांब, मग तुझा विचार करू.

हे केवळ काँक्रीटच्या बाबतीत घडते असे समजू नका. मुंबईचे उदाहरण घ्या. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर यांचे फोटो टाकले की हजार ‘लाइक’ मिळतात. पण १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात आल्डस हक्सली या इंग्रज लेखकाने मुंबईला वास्तुकलेच्या दृष्टीने जगातील अत्यंत भयानक शहरांमध्ये जमा केले होते. ज्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींवर त्याचा रोख होता, त्या तेव्हा जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांच्या होत्या. हॉल ऑफ नेशन्स पाडला गेला तेव्हा तोही त्याच वयाचा होता!

पुढे १९३० च्या दशकात बॅकबेच्या भरावावर आर्ट डेको इमारती उठल्या. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको, मध्ये क्रिकेट. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ सालची इमारत त्याच लाटेतली. मास्टर, साठे आणि भुता या भारतीय फर्मने ती बांधली आणि ना. ग. पानसरे यांनी तिच्या दर्शनी भागावर भारतीय स्त्री-पुरुषांची भव्य शिल्पे घडवली. त्या बाजूने जाणार असाल तर फुटपाथवर दोन मिनिटे थांबून वर पाहा. या आर्ट डेको इमारतींनाही मधली काही दशके कोणी विचारत नव्हते. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या धोक्याच्या वयातून वाचल्या, म्हणून पोचल्या.

चंडीगडच्या खुर्च्यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या आखल्या. इंग्रजी ‘व्ही’ उलटा ठेवावा तसे पाय असलेल्या. सरकारी कार्यालयांनी त्या वापरल्या, मोडल्या, गच्चीवर आणि मागच्या अंगणात ढीग लावले आणि भंगाराच्या भावाने लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, न्यूयॉर्कच्या लिलावांत विकल्या. किंमती लाखांत गेल्यावर आपल्याला जाग आली आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला आळा घालावा लागला. खुर्चीचे एक बरे असते, ती बोटीत चढते. इमारतीला ती सोय नाही.

हॉल ऑफ नेशन्स पडल्यानंतरचा एक भाग फारसा सांगितला जात नाही, पण माझ्या मते तो सर्वांत विचार करण्याजोगा आहे. रेवाल पुन्हा न्यायालयात गेले. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमात निर्मात्याला एक ‘नैतिक’ हक्क दिलेला आहे. कलाकृतीची मालकी दुसऱ्याकडे गेली तरी तिची मोडतोड करून निर्मात्याची प्रतिष्ठा दुखावली तर तो दाद मागू शकतो. या कलमाचा एक गाजलेला निकाल दिल्लीतच लागला होता. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प विज्ञान भवनात होते. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या कामात ते उखडून गोदामात टाकण्यात आले. सहगल लढले, आणि २००५ मध्ये न्यायालयाने ते त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रेवाल यांनी हाच आधार घेतला. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. न्यायालयाच्या युक्तिवादाचा आशय असा, की इमारतीत विद्रूप करणारा बदल केला तर वास्तुरचनाकाराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न येतो. पण ती पूर्णच पाडली तर पाहायला काही उरत नाही, आणि जे दिसतच नाही त्याने प्रतिष्ठा कशी दुखावणार? शिवाय जमिनीच्या मालकाचा आपल्या मालमत्तेवरचा हक्क मोठा आहे.

कायद्याच्या अंगाने मला हा निकाल समजतो. प्रत्येक वास्तुरचनाकाराला आपली इमारत पाडू न देण्याचा अधिकार दिला तर शहरे गोठून जातील. कोणाच्या तरी घराची गळकी गच्ची कायमची गळत राहील. तरीही या तर्काने मी अस्वस्थ होते. खिडकी बदलली तर अन्याय, सगळे भुईसपाट केले तर नाही. यातून एवढेच निष्पन्न होते, की इमारतीचे रक्षण तिच्या निर्मात्याच्या हक्कावर सोपवता येत नाही. ते सार्वजनिक वारशाच्या कायद्यानेच व्हायला हवे. आणि त्या दाराशी साठ वर्षांची कडी लावलेली आहे.

आता आपल्या हाती काय उरले? आराखडे, प्रतिकृती आणि फोटो. मदन महत्ता हे नाव लक्षात ठेवा. कॅनॉट प्लेसमधल्या महत्ता स्टुडिओचे हे छायाचित्रकार. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन १९५० च्या दशकात परतले आणि पुढची तीसेक वर्षे दिल्लीतील नव्या इमारतींचे कृष्णधवल फोटो काढत राहिले. ही कामे वास्तुरचनाकारांनी दिलेली, व्यावसायिक. २०१२ मध्ये राम रहमान यांनी त्यांतून निवडून प्रदर्शन भरवले, तेव्हा लोकांना उमगले, की एका राजधानीच्या घडणीची संपूर्ण नोंदवही एका स्टुडिओच्या निगेटिव्हमध्ये पडून होती. हॉल ऑफ नेशन्सचे त्यांचे फोटो विलक्षण आहेत. ऊन तिरपे येते आणि त्रिकोणांच्या सावल्या त्रिकोणांवर पडतात. सांगाड्याची खोली ऊन अडवत असे, जाळीदार खिडकीसारखी, हे त्या फोटोंत पाहताक्षणी कळते.

पण साधन म्हणून त्यांचे दोषही ओळखले पाहिजेत. वास्तुछायाचित्रकार इमारत नवी असताना येतो, ऊन हवे तसे पडेपर्यंत थांबतो आणि शक्यतो माणसांना चौकटीबाहेर ठेवतो. दरबारी चित्रासारखेच हे. खोटे नव्हे, पण नटवलेले. काँक्रीटवरचे पावसाचे ओघळ, कबुतरे, मेळ्यातला कोलाहल, मे महिन्यातला उकाडा त्यात नाही. ते सारे हवे असेल तर माझ्या फोटोसारख्या गबाळ्या फोटोंकडे यावे लागते. मागे एकदा मी तो मोठा करून पाहिला. कणसांच्या वर सात सांधे पूर्ण दिसतात, एका दांड्यावर फलकाची दोरी बांधलेली आहे, आणि खालच्या त्रिकोणात एक माणूस पथारी टाकून झोपला आहे. मेळ्याच्या राष्ट्रीय दालनाला वामकुक्षीसाठी सावली म्हणूनही उपयोग होता, ही माहिती महत्तांच्या फोटोत मिळणार नाही.

विरोधी बाजूही मांडते, कारण ती पोकळ नाही. दालनाला वातानुकूलन नव्हते. काँक्रीटच्या आतल्या सळया गंजतात, आणि इतक्या सांध्यांची दुरुस्ती सोपी नसते. शहराला मोठे अधिवेशन-केंद्र हवे होते. तिथे पुढे ‘भारत मंडपम्’ झाले आणि २०२३ ची जी-२० परिषद तिथेच भरली. शिवाय प्रत्येक जुनी इमारत ठेवायची म्हटले तर नव्याला जागा कुठली? यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मलाही आधुनिक वास्तुकलेतले बरेच काही आवडत नाही. काही विद्यापीठांच्या काँक्रीटच्या इमारतींत मी दोन पावसाळे काढले आहेत आणि बुरशीच्या वासाबद्दल मला कोणी सांगायला नको. परंतु आवड हा निकष धरायचा झाला तर हक्सलीच्या आवडीने मुंबईचे टर्मिनस केव्हाच गेले असते. इथे विचारायचा प्रश्न असा होता, की या इमारतीत असे काही आहे का, जे ती गेल्यावर दुसरीकडे कुठेही पाहता येणार नाही? हॉल ऑफ नेशन्सच्या बाबतीत उत्तर ‘हो’ होते. पाडण्यापूर्वी ते उत्तर शोधण्याऐवजी तिची जन्मतारीख पाहिली गेली, एवढी माझी तक्रार आहे.

अशा इमारती अजून आहेत. अहमदाबादच्या आयआयएममधील लुई कान यांची वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव २०२० च्या डिसेंबरात आला, जगभरातून पत्रे गेली, तो मागे घेतला गेला, नंतर पुन्हा वेगळ्या रूपात पुढे आला. आपल्या शेजारी, पणजीत, मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी आहे. तिच्या सभागृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षकांनी भरलेले सज्जे रंगवले आहेत, म्हणजे नाटकाला गर्दी नसली तरी नटाला गर्दी दिसावी. २०२३ च्या जुलैत नूतनीकरण चालू असताना तिच्या खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला. ती इमारत १९७३ ते १९८३ या दशकात बांधली गेली. वयाचे गणित तुम्हीच करा.

या धाग्याखाली एक काम करू या. तुमच्या घरच्या अल्बममध्ये १९५० ते १९९० या काळातल्या एखाद्या सार्वजनिक इमारतीसमोर काढलेले फोटो असतील: एस.टी. स्थानक, साखर कारखान्याचे कार्यालय, नाट्यगृह, जिल्हा परिषद, महाविद्यालय. लग्नाचे, सहलीचे, निरोप समारंभाचे, कसलेही चालतील. फोटो टाका आणि सोबत चार गोष्टी लिहा: गाव, साल (अंदाजे असेल तर ‘अंदाजे’ असे), इमारत आज आहे की नाही, आणि कोनशिला असल्यास तिच्यावर वास्तुरचनाकाराचे नाव आहे का. फोटोतल्या माणसांचे चेहरे झाकले तरी हरकत नाही. मला मागचे पाहायचे आहे.